जाऊ राहिलो

१५ ऑक्टोबर १९५६, सोमवार

ही डायरी सुकलालने दिली. सुकलाल म्हणजे बुधवाऱ्यातला केळीचा आडत्या, माझा जुना स्नेही. पहिल्या पानावर त्याच्या आडतीचं नाव, खाली केळीच्या घडाचं चित्र, आणि वर्ष बहुतेक सरलेलं. म्हणाला, "उरली होती बाबू, घ्या, तुमचं अक्षर चांगलं आहे." उरलेली वस्तू दान करण्यात आमच्या बऱ्हाणपूरचा हात कोणी धरणार नाही. पण कोरा कागद पाहिला की माझी बोटं शिवशिवतात, म्हणून घेतली.

कचेरीत मी मराठी बाबू आहे. मराठीत आलेले अर्ज वाचायचे, नोंदायचे, वर पाठवायचे. येत्या एक तारखेला नवं राज्य होतं आहे. राजधानी भोपाळ, कारभार फक्त हिंदीत. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे जाणार, आम्ही इकडेच राहणार. रजनीला अमरावतीला दिली आहे, म्हणजे लेक आता परराज्यात नांदणार. मराठी बाबूचं काय होणार ते कोणी सांगत नाही. विचारलं की "देखेंगे" म्हणतात.

पण लिहायला बसलो ते ह्यासाठी नाही. काल दसरा झाला. आता गिरधरचा तमाशाचा फड येईल. कौतिक येईल.

१८ ऑक्टोबर

फड आला. सुकलालच्या वखारीमागच्या पडवीत उतरले आहेत. कचेरीतून येताना मी सहज त्या गल्लीने आलो. ती गल्ली माझ्या वाटेवर नाही, पण पाय मोकळे होतात.

कौतिक उन्हात बसून दाढी करत होता. तो गिरधरच्या तमाशातला नाच्या. बाईचं लुगडं नेसून नाचतो, चौतिशीचा गडी आहे. दिवसातून दोनदा दाढी, वर हळद. मला आरशात पाहून तसाच हसला, अर्ध्या गालाला साबण ठेवून. "कधी आले भाऊ? काय पाहू राहिले?" मी म्हणालो, "पाहतो आहे. पाहू राहिलो नव्हे." दर वर्षी आमची भेट अशीच सुरू होते.

घरी आलो तर शारदा म्हणाली, "माझी सवत आली वाटतं. चहा न पिताच तोंड गोड दिसू राहिलं." हिचं विनोदाचं अंग चांगलं आहे. भाषा मात्र सुधारत नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

दुपारी सुकलालच्या वखारीत बैठक झाली. दर वर्षी जत्रेच्या खेळांआधी कौतिक आम्हां पाच-सहा शौकिनांसाठी नाचतो. मिलमधला एक मुकादम, जरीकाम करणारे एक वयस्क गृहस्थ, एक शाळामास्तर, सुकलाल आणि मी. प्रत्येक जण वेगळ्या गल्लीने येतो, वेगळ्या गल्लीने जातो. बाजारात भेटलो तर एकमेकांना ओळखही देत नाही. ह्या देशात कलेची कदर करणाऱ्याला किती चोरून राहावं लागतं.

वखारीत केळी पिकायला ठेवलेली, त्या वासाने डोकं जड होतं. ढोलकी हलकीच वाजवायची, कारण पलीकडे रस्ता. कौतिकची खासियत अशी की तो पदराला हात लावत नाही. पाठ वळवतो, मान किंचित कलती करतो आणि पदर आपोआप खांद्यावरून घसरतो, पुन्हा आपोआप वर येतो. कसा, ते मला इतक्या वर्षांत उमजलेलं नाही.

शेवटी फडाची रीत. नाच संपला की नाच्याने पदर खाली घ्यायचा, चोळीची गाठ सोडायची, आतले कापसाचे गोळे काढून ठेवायचे आणि उघड्या छातीने सगळ्यांना रामराम करायचा. बाई समजून कोणी आला असेल तर त्याने आता घरी जावं, असा त्याचा अर्थ. जत्रेत ह्या वेळी लोक उठून चपला शोधत असतात. वखारीत मात्र कोणी उठत नाही. कोणी खोकतसुद्धा नाही. खरा रसिक शेवटपर्यंत बसतो, हेच खरं.

बाकीचे गेल्यावर सुकलालला तसं म्हणालो. तो पान लावत होता. म्हणाला, "बाबू, आपण सगळे इथे कशाला येतो, मालूम आहे ना तुम्हाला?" मी म्हणालो, "कलेसाठी." तो इतका हसला की सुपारी घशात अडकली. सुकलालने लग्न केलं नाही. हिशेबी माणूस, पण कधी कधी उगीच हसतो.

२५ ऑक्टोबर

आज कौतिक घरी आला होता. शारदाने थालीपीठ केलं. तो ओसरीवरच बसतो, आत बोलावलं तरी येत नाही. म्हणतो, "नाच्याले ओसरी बरी वहिनी. लोक पाहतात."

त्याने जे सांगितलं ते लिहायला नको वाटतं. गिरधरने फडात बाई आणली आहे. नाव कमल. जळगावकडे आता सगळ्या फडांत बायाच नाचतात, लोक तिकीटही त्यांच्यासाठीच काढतात. "बाई असताना बाईचं सोंग कोण पाहीन भाऊ?" कमलला शिकवायचं काम गिरधरने कौतिकवरच टाकलं आहे. पदराची ती हालचालही तो तिला शिकवतो आहे.

"मग तू?"

"जैनाबादची पुनवेची जत्रा करतो. तो माझा शेवटचा खेळ. मंग गिरधर म्हणे, फडासंगं राह्य, कमलले लुगडं नेसव, पेटी उचल."

मी म्हणालो, सुकलालकडे वखारीत काम बघू. इथे राहा. हे तोंडातून निघून गेलं तेव्हा मलाच नवल वाटलं, की इतकी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कशी सुचली नाही. त्याने ताट बाजूला सारलं. नंतर उठला आणि म्हणाला, "बरं, जाऊ राहिलो."

मी नेहमीप्रमाणे टोकलं. "अरे, जातोस की राहतोस? एक काय ते ठरव."

"दोन्ही, भाऊ," तो म्हणाला.

ही आमची जुनी थट्टा आहे. आज त्यात हसू आलं नाही.

२९ ऑक्टोबर

जत्रेच्या खेळासाठी परवानगीचा अर्ज लिहिला. गिरधरने मराठीत सांगितलं, मी हिंदीत उतरवलं, कारण एक तारखेनंतर मराठी अर्ज टोपलीत जाणार. चार वर्षं नागपुरात शिकलेला मी, आणि ह्या वयात हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण असं घोकतो आहे. सुकलाल म्हणतो, आपल्याला दोन्ही एकच.

१ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान झालं, आणि दुपारी नव्या राज्याचा समारंभ. शारदा म्हणाली, "उटणं लावताना एका राज्यात होते, अंग पुसताना दुसऱ्या." साहेबांचं हिंदीत भाषण झालं, पेढे वाटले. नवे साहेब रतलामकडचे आहेत. माझ्या जागेचं पुनवेनंतर ठरवू म्हणाले.

मला मात्र सारखं वाटत होतं की कौतिकच्या पाठीला उटणं कोण लावत असेल. त्याला घर नाही, बहीण नाही. फडातली माणसं आंघोळ नदीवर उरकतात. असले विचार कुठून येतात कोण जाणे.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

शारदाने आज मला न विचारता एक गोष्ट केली. सकाळी स्वतः वखारीत गेली आणि कौतिकला बोलावून आणलं. ओसरीवर नव्हे, आत, मधल्या घरात पाट मांडला. म्हणाली, "मला सख्खा भाऊ नाही. आजपासून हा."

तिने ओवाळलं तेव्हा कौतिकचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गडी हजार माणसांसमोर नाचतो, पण निरांजनासमोर मान वर करेना. ओवाळणीत टाकायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने कानातली सोन्याची बाळी काढायला घेतली, तर शारदाने हात धरला. "ठेवा. मला ती तुमच्या कानातच बरी दिसते."

तो गेल्यावर मी म्हणालो, हे बरं सुचलं तुला. ती भांडी आवरत होती. "बायकोचा भाऊ घरात कितीही दिवस राहिला तरी गाव काही म्हणत नाही," ती म्हणाली. "मित्राचं तसं नसतं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "अन् भाऊ म्हटलं की मलाही काही म्हणता येत नाही."

शेवटचं वाक्य मला नीट कळलं नाही. बायका सणासुदीला थकतात.

७ नोव्हेंबर

परवानगी मिळाली, पण कशी ते लिहून ठेवतो.

मी अर्जात लिहिलं होतं, 'तमाशा करने की अनुमति दी जाए'. साहेबांनी मोठ्याने वाचलं. "तमाशा करने की भी अनुमति माँगते हैं आप लोग? हमारे यहाँ तो बिना पूछे करते हैं।" सगळी कचेरी हसली. हिंदीत तमाशा म्हणजे रस्त्यावरचा धिंगाणा, हे मला माहीत असून हात मराठीच चालला. खोडून 'लोकनाट्य' केलं.

मग त्यांनी विचारलं, "इसमें औरतें नाचती हैं?" मला वाटलं, पुरुष नाचतो म्हटलं तर बरं. म्हणालो, "नहीं साहब, पुरुष नाचता है। बड़ा कलाकार है।" बोलताना आवाज जरा चढला असावा.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मर्द? औरत बनके? और बाबूजी, आप देखने जाते हैं?"

"कभी-कभी."

त्यांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला. पण बाहेर आलो तर शिपायाने दुसऱ्याला कोपर मारलं. दुपारी कोणीतरी माझ्या टेबलावर फुटक्या बांगडीचा एक तुकडा ठेवला होता. मी तो खिशात टाकला आणि नदीत फेकून आलो. कलेबद्दल लोकांची समज फार तोकडी आहे. जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर

आज गिरधरने मला फडाची रीत सांगितली. नाच्याच्या पायात पहिल्यांदा चाळ बांधतो तो फडाचा सरदार, आणि शेवटची सोडतो तो घरचा माणूस. खेळ संपला की तिथेच, लोकांसमोर. ज्याच्या हाताने चाळ सुटली, त्याच्या घरी नाच्याची भाकर. घरचं कोणी आलं नाही तर सरदारच सोडतो आणि नाच्या फडातच म्हातारा होतो.

कौतिक बाजूला बसून घुंगरं चिंचेने घासत होता. त्याने मान वर केली नाही. "भाऊ, तुम्ही सोडसाल?"

"एवढंच ना? सोडीन की."

"लोकांसमोर हं भाऊ."

"सोडीन म्हटलं ना."

तो पुन्हा घासू लागला. एकच घुंगरू कितीतरी वेळ घासत होता, फार मळलं असावं.

घरी शारदाला सांगितलं. ती म्हणाली, "समजलं का, काय कबूल करून आले?" मी म्हणालो, दोन गाठी सोडायच्या. ती म्हणाली, "हो. दोनच." आणि लगेच बाहेरची खोली आवरायला घेतली. जुन्या खुर्च्या माळ्यावर टाकल्या, खाट आणली, भिंतीला खुंटी ठोकून घेतली. मी विचारलं खुंटी कशाला. "माणूस राहायचा म्हटलं की कपडे टांगायला लागत नाहीत का?"

१४ नोव्हेंबर

चार दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही आणि मी फार सुखात होतो. सुकलालने कौतिकला कामाला घ्यायचं कबूल केलं. घड मोजून पिकवायच्या भट्टीत लावायचे. म्हणाला, "नजाकतीने हात लावणारा पाहिजेच होता, माझी माणसं केळं असं फेकतात की आतून काळं पडतं."

संध्याकाळी राजघाटावर बसलो होतो, तो आणि मी. मी म्हणालो, सकाळी तू वखारीत जाशील, मी कचेरीत, संध्याकाळी ओसरीवर चहा घेऊ. तो म्हणाला, "अन् नाचायचं?" मी म्हणालो, ओसरीवर नाचता येणार नाही. तो हसला. "मंग मले पाहून तुम्ही काय करसाल भाऊ? नाचाशिवाय मी म्हणजे एक साधा माणूस."

मी म्हणालो, "मला साधा माणूसही चालेल."

हे वाक्य रात्रभर मनात फिरत राहिलं. बोलायचं ते बोललो, की भलतंच, ते कळेना. नदीला पाणी कमी झालं आहे, पण अजून नाव चालते.

१७ नोव्हेंबर, शनिवार

उद्या पुनव. शारदाने माझं नवं धोतर काढून ठेवलं आहे. ती शेजारणींबरोबर सकाळीच नदीपलीकडे जैनाबादला जाणार, तिला सूप घ्यायचं आहे. मी दुपारी निघेन. कचेरीत शिपाई विचारत होता, "बाबूजी, कल जैनाबाद?" मी नाही म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. उगीच कशाला सगळ्यांना सांगायचं.

१८ नोव्हेंबर, रविवार

नावेत जागा नव्हती, म्हणून गेलो नाही.

हे वाक्य लिहिलं आणि तासभर नुसता बसलो. जागा होती.

घाटावर नाव लागलेली. आत दहा-बारा माणसं, आणि मधल्या फळीवर साहेब, कचेरीतले दोघं, तो शिपाई. जत्रेची व्यवस्था पाहायला निघाले होते. साहेबांनी मला पाहिलं. नवं धोतर पाहिलं. स्वतः सरकले, फळीवर हाताने थोपटलं. "आइए बाबूजी, आइए. आपके कलाकार को हम भी देख लें." चांगल्या मनाने म्हणाले असतील. शिपाई दुसरीकडे पाहून हसत होता.

मी म्हणालो, "नहीं साहब, मैं तो बस टहलने आया था." नाव सुटली. पलीकडून ढोलकी ऐकू येत होती. लोकांसमोर हं भाऊ, असं तो म्हणाला होता. मला ते लोक जत्रेतले वाटले होते. हे लोक मनात आले नव्हते.

पुढची नाव आली, तिच्यात ओळखीचं कोणी नव्हतं. पण साहेब पलीकडे पहिल्या रांगेत बसलेले असणार. मी तीन नावा जाऊ दिल्या. मग ढोलकी थांबली.

शारदा दिवेलागणीला आली. सूप आणलं नाही. म्हणाली, मनासारखं नव्हतं. आल्यावर बराच वेळ न्हाणीत हात धूत होती. मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. उद्या सकाळी जाऊन कौतिकला सगळं समजावतो. समजूतदार आहे तो.

१९ नोव्हेंबर, सोमवार

उजाडताच घाटावर गेलो. पलीकडे फडाच्या गाड्या जुंपलेल्या, शाहपूरच्या वाटेला तोंड केलेल्या. नाववाला अजून आला नव्हता. मी धोतर सावरून अगदी पाण्याशी गेलो आणि हाक मारली.

शेवटच्या गाडीपाशी तो होता. ओळखायला वेळ लागला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, केस कापलेले. मला पाहून पुढे आला, पाण्यापर्यंत. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला. वारा उलटा होता, पहिला शब्द पाण्यावरच गेला. दुसरा मात्र मी ह्या कानांनी स्पष्ट ऐकला.

"... राहिलो, भाऊ!"

राहिलो. मी हात वर करून हलवले. तोही हात हलवत होता. मग गाड्या हलल्या आणि तो कुठे उभा आहे ते धुळीत दिसेना. सामान उतरवून घ्यायला थोडं पुढे गेला असेल.

पळत घरी आलो. शारदाला म्हणालो, "राहिला. कौतिक राहिला."

तिच्या हातात तांब्या होता, तो तिने खाली ठेवला. "काय म्हणाला, पूर्ण सांगा."

"राहिलो म्हणाला. मी स्वतः ऐकलं."

तिने तांब्या पुन्हा उचलला. मग म्हणाली, "बरं." आणि आत गेली. मी कालचं सगळं मनातून काढून टाकलं. असा मनाचा मोठा माणूस विरळा. मी गेलो नाही, तरी राहिला.

२० नोव्हेंबर

आला नाही. फडाचं देणंघेणं मिटवायला शाहपूरपर्यंत गेला असणार. आज तिथला बाजार. खाटेवर नवी चादर घातली.

साहेबांनी बोलावलं होतं. माझी जागा ठेवली आहे. "आपकी हिंदी ठीक है, बस तमाशा मत कीजिए," असं म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

२१ नोव्हेंबर

आला नाही. संध्याकाळी घाटावर तीन नावा पाहिल्या. कमलला एकटीला सोडून लगेच निघणं बरं दिसत नसेल. शिकवणं अर्धं टाकणारा तो नाही.

मला त्याची इतकी आठवण येते की सांगायची सोय नाही. तो दर वर्षी जातो, दर वर्षी मी अकरा महिने काढतो, आणि असं कधी झालं नाही. कारण ह्या वेळी तो यायचा आहे. न येणाऱ्याची वाट सोपी असते.

२३ नोव्हेंबर

वखारीत गेलो. सुकलालला म्हणालो, कौतिक आला की तुझ्याकडेच पाठवतो, जागा दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

सुकलाल हातातला घड खाली ठेवून म्हणाला, "बाबू, तो तर गेला."

"नाही. राहिलो म्हणाला तो. घाटावरून ओरडून सांगितलं."

"त्याच्या आधी काय म्हणाला?"

"आधीचं ऐकू आलं नाही. वारा होता."

सुकलालने मला पोत्यावर बसवलं. स्वतःही बसला. "बाबू, आपल्याकडचा माणूस खाऊ राहिला म्हणतो, झोपू राहिला म्हणतो, मरायला टेकला तरी मरू राहिलो म्हणतो. राहिलो तर सगळ्याच्याच शेवटी येतं. तो आयुष्यात कधी नुसतं राहिलो म्हणाला का?"

मी इतकी वर्षं त्याचं ते एक वाक्य सुधारत आलो. आणि ऐकायची वेळ आली तेव्हा अर्धंच ऐकलं, पुस्तकातल्या मराठीत.

सुकलालने माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. पिकणाऱ्या केळ्यांचा वास येत होता. "इथे जे येतात ना बाबू," तो म्हणाला, "ते सगळे असेच कोणाला ना कोणाला घाटावर सोडून आलेले." मी आज त्याला कला म्हणालो नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शारदाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती उठली. तांदळाच्या डब्यात हात घालून तिने एक पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. चाळ होती. चिंचेने घासून लख्ख केलेली घुंगरं, काळ्या पडलेल्या दोऱ्या.

"गिरधरने तीनदा पुकारलं, घरचं कोण आहे म्हणून," ती म्हणाली. "तो नदीकडे पाहू राहिला होता. लोक हसू लागले. मग मी उठले. बहीण ना मी. गाठी इतक्या घट्ट, दातांनी सोडाव्या लागल्या."

"साहेब होते का तिथे?"

"होते. ते उठून उभे राहिले माझ्यासाठी." तिने घुंगरं माझ्याकडे सरकवली. "सगळ्या लोकांसमोर सोडल्या मी. काही झालं नाही मला."

मी विचारलं, तुझ्या हाताने सुटली, मग तो इथे का आला नाही.

"म्हटलं मी त्याला. चल म्हटलं, खोली तयार आहे. तर म्हणाला, ताई, घर तुझं, खरं आहे. पण मी बहिणीच्या घरी राहायला निघालो नव्हतो." तिने पदराने डोळे पुसले, माझ्यादेखत, लग्नाला वीस वर्षं झाली त्यात पहिल्यांदा. "मला त्या सकाळीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होते. तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे चार दिवस."

मला त्याला सांगायचं होतं की तू माझा आहेस. एवढंच सांगायचं होतं. शब्दांची मला कधी वाण पडली नाही, पण हे वाक्य कोणत्या भाषेत म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नाही, आणि मी शोधलंही नाही. दोन गाठी सोडल्या असत्या तरी झालं असतं, असं त्या भोळ्या माणसाने सुचवलं होतं.

३० नोव्हेंबर

शारदाने चाळ बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगली. मी काढून ठेव म्हणालो नाही.

कचेरीत आता मला कोणी मराठी बाबू म्हणत नाही. आलेल्या गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून हिंदीत उतरवतो. ते बोलतात ते शेवटपर्यंत ऐकतो, मधे कोणाला सुधारत नाही.

आज कचेरीतून आलो तो सरळ त्या खोलीत जाऊन खाटेवर बसलो. खिडकी उघडी होती. वाऱ्याने घुंगरं जराशी वाजली. आतून शारदाने विचारलं, "दिवा न लावता काय करू राहिले तिथे?"

मी म्हणालो, "काही नाही. वाट पाहू राहिलो."